नाही म्हणायचं, पण खोटं बोलायचं नाही



परवा अष्टमीला बस्तीतून बाहेर पडताना, चपला घालता घालता, ओळखीतल्या एका सुनेने मला बाजूला घेतलं. पोरगी हुशार आहे, पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरी बसून करते. म्हणाली, "काकू, तुम्हीही लिंक्डइनवर आहात ना? मला रोज कुणाकुणाच्या रिक्वेस्ट येतात. अनोळखी लोकांचं एक वेळ सोडा. पण आपल्या समाजातले, सासरच्या नात्यातले पाठवतात, तेव्हा काय करायचं? घ्यावी तर मन धजत नाही, आणि नाही म्हणावं तर वाईट दिसतं."

मी तिला तिथल्या तिथे काहीतरी उत्तर दिलं. पण घरी येऊन कुकर लावला, भाजी निवडायला बसले, तरी तेच डोक्यात. कारण याच प्रश्नात मी स्वतः दोनदा चुकले आहे. एकदा 'हो' म्हणून आणि एकदा 'नाही' म्हणून. दोन्ही चुका आज तुम्हाला सांगून टाकते. तुमच्यातल्या बऱ्याच जणी आता घरून काहीतरी काम करतात, त्यांना उपयोग होईल.

ज्यांना हे लिंक्डइन माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. फेसबुकवर आपण लग्नाचे, सहलीचे फोटो टाकतो; तसं इथे कामाचं सांगतात. मी काय शिकले, कुठे काम केलं, काय येतं, हे सगळं आपल्या पानावर लिहायचं. २००३ साली हे सुरू झालं, २०१६ साली मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं. कुणी आपल्याला विनंती पाठवली आणि आपण ती स्वीकारली, की दोघांची 'ओळख' झाली. अशा ओळखी एका माणसाला तीस हजारांपर्यंत करता येतात! आपल्याकडे लग्नाच्या यादीत पाचशे नावं झाली तरी नंतर निम्म्यांचे चेहरे आठवत नाहीत.

माझं पान लेकीने काढून दिलं. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला, तेव्हा आमच्या सांगलीच्या मार्केट यार्डातल्या छोट्या व्यापाऱ्यांची फार धांदल उडाली होती. माझं बी.कॉम. लग्नानंतर कपाटातच पडलं होतं. ह्यांच्या एका मित्राच्या हळदीच्या दुकानाचे कागद बघायला म्हणून घेतले, त्यातून दुसऱ्याचे आले, तिसऱ्याचे आले. आज महिन्याची ११ आणि २० तारीख आमच्या घरात सणासारखी पाळली जाते. त्या दोन दिवसांत विवरणपत्रं भरायची असतात, म्हणून जेवायला पिठलं-भात ठरलेलाच. लेक म्हणाली, "आई, तू एवढं काम करतेस, ते चार लोकांना दिसायला नको का?" आणि पान निघालं.

सुरुवातीला मला फार मजा वाटायची. कुणाची विनंती आली की मी लगेच हिरवा कंदील दाखवायचे. दारात आलेल्याला परत कसं पाठवायचं? आपल्या घरात ते शिकवलेलंच नाही.

असाच एक जण आला. पानावर आडनाव आपल्यातलं, वर लिहिलेलं 'व्यवसाय सल्लागार'. सोबत चिठ्ठी होती: जय जिनेंद्र ताई, आपण एकाच समाजाचे, एकमेकांना धरून राहिलं पाहिजे. मी त्याला ओळखत नव्हते. कधी पाहिलंही नव्हतं. पण 'जय जिनेंद्र' म्हटल्यावर पुढे काय विचारायचं? घेतलं.

मला तेव्हा माहीत नव्हतं, की आपण कुणाला ओळखीत घेतलं की आपल्या सगळ्या ओळखींची यादी त्याला बघता येते. ती लपवायची सोय सेटिंगमध्ये आहे, पण ती आपण स्वतः करावी लागते. आणि दुसरं असं, की तो पुढे ज्या माणसाकडे जाईल त्याला दिसतं की ह्या दोघांच्या ओळखीत अमुक अमुक बाई आहेत. म्हणजे आपण तिथे नसतो, पण आपलं नाव तिथे उभं असतं.

माझ्याकडे मिरजेच्या बाजूच्या एका ताईंचं काम आहे. नवरा गेल्यावर त्यांनी चटण्या आणि मसाल्यांचा धंदा उभा केला. हाताखाली सहा बायका आहेत. त्यांच्या मुलाने त्यांचंही पान काढून दिलं होतं. हा गृहस्थ त्यांच्याकडे पोहोचला. तुमचा माल दुबईला पाठवू, निर्यातीचे सगळे परवाने काढून देतो, खर्च अडतीस हजार. ताईंनी दोन हप्त्यांत पैसे भरले. मग आज होईल, उद्या होईल. मग फोन उचलणं बंद. मग नंबरच बंद.

त्या माझ्याकडे आल्या त्या महिन्याचे कागद घेऊन. बिलं जुळवताना मीच विचारलं, की हे अडतीस हजार कसले. त्यांनी सांगितलं. मी कपाळाला हात लावला. निर्यातीसाठी लागतो तो आयईसी नंबर केंद्र सरकारच्या डीजीएफटीच्या संकेतस्थळावरून घरबसल्या निघतो, त्याची फी ५०० रुपये आहे! मी जरा रागानेच म्हटलं, "अहो ताई, पैसे देण्याआधी मला एक फोन करायचा!"

त्या शांतपणे म्हणाल्या, "ताई, तो तुमच्या ओळखीत दिसत होता. म्हणून तर मी विचारलं नाही."

मैत्रिणींनो, हे वाक्य मला अजून झोपेत आठवतं. त्या मला दोष देत नव्हत्या, ते तर आणखी कठीण. मी त्या माणसाबद्दल कुणाला एक चांगला शब्दसुद्धा सांगितला नव्हता. नुसतं एक बटण दाबलं होतं. पण त्या बटणाने मी साक्ष दिली होती, की हा माझ्या ओळखीचा आहे. आणि ती साक्ष खोटी होती.

आम्ही १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार केली, ठाण्यात जाऊन आलो. पैसे परत मिळाले नाहीत. आयईसी मी काढून दिला. त्या वर्षाचे कामाचे पैसे मी घेणार नाही म्हटलं, तर त्यांनी ऐकलं नाही, म्हणाल्या, "माझी चूक मला फेडू द्या." त्या संध्याकाळी सामायिकाला बसले, पण मन काही लागेना.

ही झाली 'हो'ची चूक.

यानंतर माझं काय झालं असेल ते तुम्हाला कळेलच. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. मी एका रात्रीत यादी साफ केली. ज्यांना ओळखत नव्हते ते सगळे काढले. कुणाला काढलं तर त्याला तसा निरोप जात नाही, हे लेकीने सांगितलं म्हणून धीर आला. ओळखींची यादी लपवली. आणि स्वतःशी नियम केला: ज्याचं काम मी पाहिलं आहे किंवा ज्याने माझं काम पाहिलं आहे, त्यालाच घ्यायचं. परिग्रह-परिमाण करताना आपण कपड्यांची, दागिन्यांची मर्यादा घालतो ना, तशी ही ओळखींची मर्यादा. नियम चांगलाच होता. आजही तोच आहे. चूक नियमात नव्हती, पुढे झाली.

माझ्या थोरल्या नणंदेला आम्ही सगळे अक्का म्हणतो. अक्कांच्या दिराचा मुलगा तेव्हा नुकताच बी.कॉम. झाला होता. नोकरी शोधत होता. मुलगा साधा, मला मामी म्हणतो. त्याची रिक्वेस्ट आली. सोबत चिठ्ठी होती, की मामी, तुमच्या ओळखीत पुण्याचे अमुक सीए आहेत, त्यांच्याकडे माझ्यासाठी शब्द टाकाल का, आणि माझ्या पानावर 'अकाउंटिंग येतं' असा शेरा द्याल का.

ही शेऱ्याची भानगड माहीत आहे ना? समोरच्याच्या पानावर त्याने लिहिलेलं असतं की मला हे हे येतं, आणि आपण तिथे दुजोरा द्यायचा. मी त्या मुलाला लहानपणी पतंग उडवताना पाहिलं होतं, लग्नात वाढताना पाहिलं होतं. हिशेब लिहिताना कधी पाहिलं नव्हतं. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यात एक कूटलेखक्रिया आहे, म्हणजे खोटं लिहून देणं. दरवर्षी ऐकतो आपण ते. मला वाटायचं, हे बनावट दस्तऐवज करणाऱ्यांसाठी आहे, आपला काय संबंध! चटणीवाल्या ताईंच्या प्रकरणानंतर तो संबंध कळला होता.

तर नाही म्हणायचं हे ठरलेलं होतं. पण म्हणायचं कसं? मी म्हटलंच नाही. 'इग्नोर' दाबलं आणि गप्प बसले. समोरच्याला तसं कळत नाही, त्याला वाटतं की अजून पाहिलेली नाही.

पंधरा दिवसांनी एका साखरपुड्यात तो भेटला. पाया पडला आणि हळूच म्हणाला, "मामी, लिंक्डइनवर मी तुम्हाला…"

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी म्हणाले, "अरे, मी ते उघडतच नाही रे. सहा महिने झाले असतील."

तो "बरं, बरं" म्हणाला आणि गेला. मला सुटल्यासारखं वाटलं. रात्री घरी लेक म्हणते, "आई, तू त्याला असं का सांगितलंस? कालच तू त्या सीएंच्या पोस्टखाली अभिनंदन लिहिलंयस. ते कुणालाही दिसतं."

माझे हातपायच गळाले. त्याने ते आधीच पाहिलेलं असणार. मी खोटं बोलतेय हे त्याला समोर उभा असतानाच माहीत होतं, आणि तरी तो "बरं" म्हणून गेला.

गोष्ट अक्कांपर्यंत गेलीच. फोन आला नाही. नेहमी दर चार दिवसांनी येणारा फोन आला नाही, त्यावरूनच मी समजले. राखीपौर्णिमेला अक्का आल्या. भावाला राखी बांधली. मी पुरणपोळी केली होती, त्यांना आवडते म्हणून. ताट घेतलं तर म्हणाल्या, "नको गं, मी जेवून आलेय."

सकाळचे अकरा वाजले होते. तासगावाहून निघालेली बाई जेवून कशी येईल? त्यांना माहीत होतं की मला कळतंय, आणि मलाही माहीत होतं. त्यांनी मला माझंच वाक्य परत दिलं होतं. पुरणपोळ्या डब्यात भरताना डोळ्यांत पाणी आलं माझ्या. आणि त्या डब्यापाशी उभी असताना मला माझी आई आठवली.

आपलं लहानपण आठवा. आपण राहतो तो मुलूख कांदा-लसूण मसाल्याचा. शेजारीपाजारी प्रत्येक घरात तो मसाला, प्रत्येक भाजीत कांदा. त्यात संध्याकाळी दिवेलागणीनंतर जेवायचं नाही. म्हणजे कुणाकडे गेलं की नाही म्हणणं आलंच! खरं तर नकार द्यायची आपल्या बायकांइतकी सवय कुणालाच नसेल. माझी आई हे इतक्या सहज करायची. शेजारच्या वहिनींनी ताट आणलं की आई आधी ताटाकडे बघून हसायची. "वहिनी, किती निगुतीनं केलंत हो!" मग सांगायची, "आम्हाला कांदा चालत नाही, नियम आहे आमचा." आणि लगेच, "पण तुमच्या हातची भाकरी आणि दही द्या, ते मी आवडीनं खाईन." बस्स. वहिनींना कधी राग आला नाही. उलट पुढे आई येणार असली की त्या झुणका आधी काढून ठेवून मग कांदा घालायच्या.

आणि आमची एक मावशी होती. तिला हे जमायचं नाही. तिला भीड फार. ती म्हणायची, "आज उपवास आहे माझा." एकदा एका घरी उपवास सांगितला आणि दोन घरं सोडून हळदीकुंकवाला बसून डाळ-मुरमुरे खात होती, तेवढ्यात पहिल्या घरची बाई तिथे आली! मावशी बिचारी पुढे वर्षभर त्या गल्लीतून गेली नाही. आई तिला म्हणाली होती, "अगं, कांदा खात नाही म्हटलं असतंस तर त्यांनी कांदा दूर ठेवला असता. तू उपवास सांगितलास, आता त्या तुलाच दूर ठेवतील."

मी आईची लेक, आणि वागले मावशीसारखी.

दशलक्षण पर्व आलं. तिसऱ्या दिवशी उत्तम आर्जव. आर्जव म्हणजे सरळपणा. मनात, बोलण्यात आणि करण्यात एकच असणं. प्रवचनात सांगत होते, की कपट म्हणजे दरवेळी कुणाला लुबाडणंच असं नाही, आपली अडचण झाकायला घेतलेला लहानसा आडपडदा, तोही त्यातच आला. मला वाटलं, आज हे माझ्याकडे बघूनच बोलताहेत!

मी स्वतःला इतके दिवस काय सांगत होते? त्या मुलाला वाईट वाटू नये म्हणून मी तसं बोलले, कुणाचं मन दुखवणं ही हिंसाच ना! पण प्रामाणिकपणे बघितलं तेव्हा दिसलं, की मला त्याच्या मनाची काळजी नव्हती. मला माझा अवघडलेपणा टाळायचा होता. अहिंसेचं नाव मी माझ्या भित्रेपणाला दिलं होतं. हित, मित आणि प्रिय बोलावं म्हणतात. मी नुसतं प्रिय धरलं आणि हित सोडलं. त्याला खरं काय ते कळलं असतं तर त्याने दुसरं दार ठोठावलं असतं. मी त्याला पंधरा दिवस उगाच थांबवलं.

क्षमावाणीच्या दिवशी आपण सगळ्यांना एकच निरोप पाठवतो: कळत नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा. मोबाइलवरून शंभर जणांना एका दमात जातो. मी ठरवलं, या मुलाला तो निरोप पाठवायचा नाही. माझी चूक नकळत झालेली नव्हती. म्हणून क्षमावाणीची वाट न बघता त्याच रात्री त्याला लिहिलं. तीन वेळा खोडलं. शेवटी जे पाठवलं ते असं होतं:

"तुझी रिक्वेस्ट मी पाहिली होती. मी ते उघडत नाही असं तुला सांगितलं, ते खोटं होतं. मला नाही म्हणायला अवघड वाटलं म्हणून बोलले. त्याबद्दल मला क्षमा कर. लिंक्डइनवर मी फक्त माझ्याबरोबर काम केलेल्या लोकांनाच घेते, म्हणून तुझी रिक्वेस्ट घेतली नाही, आणि आताही घेणार नाही. तुझ्याबद्दल मनात काही नाही, नियम माझा आहे. पण तुझा बायोडाटा मी बघून देईन आणि जीएसटीचं काम शिकायचं असेल तर रविवारी दुपारी ये."

मला वाटलं होतं उत्तर येणार नाही. सकाळी आलं. "मामी, नाही म्हणालात त्याचं मला काही वाटलं नाही. मला कळलं असतं. उघडत नाही म्हणालात त्याचं वाटलं. रविवारी येतो."

आला तो. त्याला खरेदीची बिलं सरकारी पोर्टलवरच्या २बी शी कशी जुळवायची ते दाखवलं. दोन रविवार चुकत होता, तिसऱ्या रविवारी माझीच एक चूक त्याने काढली.

क्षमावाणीला अक्का बस्तीत भेटल्या. मी हात जोडायच्या आत त्यांनीच माझे हात धरले. "मी त्या दिवशी जेवून आले नव्हते गं," एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, "माहीत आहे अक्का." दोघी रडलो, दोघी हसलो. मग घरी येऊन त्या स्वतः ताट वाढून घेऊन बसल्या.

आता त्या सुनेच्या प्रश्नाकडे येते. नाही कसं म्हणायचं? आईच्या ताटावरूनच सांगते.

पहिलं, सगळ्यांना उत्तर द्यायचं नसतं. ज्याने नुसतं बटण दाबून विनंती पाठवली, एक शब्द लिहिला नाही, ज्याला आपण ओळखत नाही, तिथे 'इग्नोर' करण्यात काही वावगं नाही. त्यानेही शंभर जणांना पाठवलेली असते. 'ह्याला मी ओळखत नाही' असंही तिथे सांगता येतं, मग तो आपल्याला पुन्हा विनंती पाठवू शकत नाही. पण हे जपून वापरा. अशा तक्रारी फार झाल्या तर त्या माणसाच्या विनंत्यांवर बंधन येतं. नोकरी शोधणाऱ्या एखाद्या नवख्या मुलाला उगाच शिक्षा नको.

दुसरं, ज्याने आपलं नाव घेऊन दोन ओळी लिहिल्या आहेत किंवा जो आपल्याला लग्नाकार्यात भेटणार आहे, त्याला उत्तर द्या. विनंती न स्वीकारताही त्याच्या चिठ्ठीला उत्तर लिहिता येतं. आईसारखे तीन घास ठेवा: आधी समोरच्याचा मान, मग आपला नियम, मग जे देता येईल ते. मी असं लिहिते: "आपण आठवणीने विनंती पाठवलीत, आभार. मी इथे फक्त एकत्र काम केलेल्यांनाच जोडून घेते, म्हणून आपली विनंती स्वीकारत नाही. माझं लिखाण वाचायचं असेल तर 'फॉलो' करता येईल. आपल्या कामाला शुभेच्छा." नातेवाईक असेल तर शेवटी "घरी या, फोन करा" असं लिहिते, कारण त्याच्याशी नातं आहेच, ते तिथे जोडायची गरज नाही.

आणि देता येण्यासारखं काही नसेल तर देऊ नका. "नंतर बघू", "सध्या गडबडीत आहे" असं लिहू नका. समोरचा 'नंतर'ची वाट बघत बसतो.

तिसरं, कारणांची माळ लावू नका. आपण बायका एका नकाराला चार कारणं देतो, आणि चौथ्यात पकडल्या जातो. 'माझा नियम आहे' हे पुरेसं आहे. आपल्याला ते वाक्य नवीन नाही.

चौथं, काही लोक कामाचं नाव घेऊन येतात आणि फोटो छान आहे, आवाज ऐकायला आवडेल, असलं लिहितात. तरुण मुलींनी हे नीट ऐका. तिथे सौजन्याचं कर्ज आपल्यावर नाही. उत्तर न देता ब्लॉक करा, आणि घरात सांगा. शांत राहून दार लावून घेणं म्हणजे उद्धटपणा नव्हे.

आणि शेवटचं. 'आपल्या समाजाचा आहे' म्हणून कुणाला घेऊ नका आणि त्याच कारणाने कुणाचा रागही करू नका. मी त्या ठकाला 'जय जिनेंद्र'वर भुलून घेतलं, त्यात 'जय जिनेंद्र'चा दोष नाही. पाणी आपण आपल्या विहिरीचं असलं तरी गाळूनच घेतो. तसं गाळून घ्यावं, एवढंच.

ती सून म्हणाली तसं, नाही म्हणणं वाईट दिसतं का? क्षणभर दिसत असेल. चटणीवाल्या ताई अजून माझ्याकडेच येतात. आता कुणीही आलं की आधी फोन करून विचारतात, "ताई, हे तुमच्या ओळखीचे का?" आणि मी 'हो' म्हटलं तर त्या निश्चिंत होतात. त्या एका 'हो'ला किंमत राहावी म्हणून बाकीच्यांना नाही म्हणावं लागतं.

अक्कांच्या पुतण्याला बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोअरेजमध्ये हिशेबाची नोकरी लागली, माझ्या शब्दाशिवाय लागली. मध्यंतरी मीच त्याला म्हटलं, "आता मी तुझं काम पाहिलंय, पाठव रिक्वेस्ट." तर म्हणतो, "राहू दे हो मामी. रविवारी येतोच की."

म्हणजे तो अजूनही माझ्या यादीत नाही. रविवारी मात्र त्याच्यासाठी एक भाकरी जास्त थापते.

जय जिनेंद्र.